राणीचे पंख

नागोरावांनी चिमटा सरसावला, डबीचं झाकण सरकवलं आणि ते जागच्या जागी थिजले.

काल संध्याकाळी गच्चीवर पकडलेली टपोरी मुंगी डबीत ऐटीत फिरत होती. तिचे चारही पंख मात्र तळाशी गळून पडले होते.

त्यांची नात निकिता मुंग्या पाळायची. राणी मुंगीच्या शोधात तिनं महिनाभर धायरीपासून कात्रजपर्यंतची झाडं पालथी घातली होती. "पंखवाली नको, पंख गाळलेली हवी, तीच वारूळ वसवते," असं ती मैत्रिणीला सांगत असताना नागोरावांनी ऐकलं होतं. म्हणून तर हा चिमटा! आता चिमटा लावण्याआधीच काम झालेलं.

तेवढ्यात निकिता आत आली.

"आजोबा! पंख उपटलेत हिचे?"

"नाही गं. हातसुद्धा लावला नाही. उघडून बघतो तर आपोआप पडलेले."

"हातात चिमटा, समोर पंख, आणि म्हणे आपोआप!"

"देवाशपथ."

"देवाची शपथ तुम्ही वाघाच्या वेळीही घेतली होती."

मेळघाटात नुसत्या जेवणाच्या डब्यानं वाघ पळवल्याची हकिकत नागोराव चाळीस वर्षं सांगत होते, आणि दर खेपेला वाघ वीतभर वाढत होता.

"उपटले असतील तर मी हिला सोडून देणार," निकिता म्हणाली. "आणि यापुढे तुम्ही माझ्या मुंग्यांकडे फिरकायचं नाही."

तिनं भिंग काढलं, डबी खिडकीशी नेली. नागोराव तिच्या मागोमाग गेले. उभ्या आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि साक्षीला कोण, तर मुंगी!

निकिता बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिनं भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"छाती रुंद आहे. पोट मोठं. राणीच आहे ही."

"आणि पंख?"

"पाठीवरच्या खुणा एकदम साफ आहेत. ओढले असते तर फाटके तुकडे राहिले असते. हिनं स्वतःच गाळलेत." ती मटकन खुर्चीत बसली. "आजोबा, तुम्ही खरं बोलत होतात!"

तिच्या डोळ्यांतला धक्का राणी सापडल्याचा नव्हता.

"मग... तो वाघपण?"

नागोरावांनी चिमटा खाली ठेवला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला.

"कुत्रं होतं," ते म्हणाले. "डबाही तेच घेऊन पळालं."