आकसलेलं जेल

जयमालाताईनं पायाची पट्टी सोडली आणि जखम सडल्याचं काजलला वासावरूनच कळलं. दिवाळीनंतर ती डोणगावला थेट आताच आली होती.

"दवाखान्यात काऊन नाही गेली, ताई?"

"गेलती ना. मेहकरचे डॉक्टर म्हणे, जालन्याले जा, बोटं काढा लागतीन. म्या म्हटलं, थांबू थोडं. तुह्यं औषध होऊनच राह्यलं."

काजल तिथंच खाली बसली. साखरेच्या आजारात न भरणाऱ्या अशाच जखमांवर ती नागपूरला संशोधन करत होती. फोनवर ताईला तिनंच हौसेनं सांगितलं होतं: पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, तो जंतू मारतो, तो नॅनोजेलच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मऊ गोळ्यांत भरायचा, म्हणजे जखमेवर हळूहळू सुटत राहतो. पुढचं सांगायचं राहून गेलं होतं.

"ते जमलं नाही, ताई."

"म्हंजे?"

"त्या तुकड्यावर धन भार हाये, जेलवर ऋण. दोघं एकमेकाले इतकं घट्ट धरतात का जेल आकसून जाते, त्यातलं पाणी निघून जाते अन् औषध आतच अडकते. भार कमी केला तं जेल फुगलेलं राह्यते, पण औषध लगेच निसटते. अन् जमलं असतं तरी माणसाले लावाले लई वर्षं लागतात."

ताईनं पट्टी पुन्हा गुंडाळली. "मले वाटलं, यंदा होईन," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी काजल तिला जालन्याला घेऊन गेली. पण प्रकरण बोटांवर निभावलं नाही. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ताईच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, तिच्या शिलाई मशीनला मोटार बसवून आणली. ती काही मशीनवर बसेना.

नागपूरला काजलनं पेप्टाइड बदललं. थोडा भार काढला, त्या जागी औषध जेलमध्ये धरून ठेवायला पाण्यापासून दूर पळणारा भाग जोडला. यावेळी जेल आकसलं नाही आणि औषध संथपणे सुटत राहिलं. सरांनी पाठ थोपटली. संध्याकाळी तिनं ताईला फोन लावला.

"जमलं, ताई. पण प्रयोगशाळेतच."

"बरं झालं," ताई म्हणाली. "माणसाले लागू पडेपर्यंत आता कोणाले सांगू नको, काजल."

"हाव," काजल म्हणाली.