दहा जणांचा वर्ग

मुलुंडच्या त्या नव्या कॉलेजात अर्धमागधीच्या वर्गाला मोजून दहा डोकी. हजेरी दहाच्या खाली गेली की जूनपासून विषय बंद, असा संस्थेचा फतवा आला होता. विषय बंद म्हणजे श्यामकांत देवस्थळी घरी. सहा वर्षं झाली, दर एप्रिलला 'आपल्या सेवेची आवश्यकता नाही' आणि दर जूनला पुन्हा नेमणूक; माणसाने जगायचं तरी कसं हो? त्यात वसुधाला, त्याच्या बायकोला, सहावा महिना. म्हणून रत्नप्रभा परब यायची बंद झाली तेव्हा त्याने तिच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. येईल आज ना उद्या, त्यात काय एवढं! असं करता करता तीन आठवडे निघून गेले.

शुक्रवारी प्राचार्यांनी त्याला बोलावलं. खोलीत एक फौजदार होता आणि दाराशी टोपी हातात धरून उभा असलेला एक म्हातारा. हे रत्नप्रभाचे वडील, धाकू परब. लेकीचं पत्र नाही म्हणून कणकवलीहून धावत आले होते. भांडुपला ती जिथे राहायची तिथल्या बाई म्हणाल्या, ती मैत्रिणीकडे राहायला जाते सांगून कधीच गेली.

फौजदाराने धाकूंना व्हरांड्यात बसवलं आणि आवाज खाली आणला.

"अठरा दिवसांमागे विक्रोळीच्या खाडीत एक मुलगी सापडली. बेवारस म्हणून आम्हीच अग्नी दिला. कपडे चौकीवर ठेवलेत, ते म्हाताऱ्याला दाखवणार होतो. पण तुमच्या हजेरीपटात ही पोरगी कालपर्यंत वर्गात आहे. मग ती ही नव्हे."

"नव्हेच," प्राचार्य म्हणाले. "आमचे देवस्थळी हजेरीच्या बाबतीत फार काटेकोर."

 श्यामकांतला एवढंच सांगायचं होतं, की ती येत नव्हती, मीच लिहीत होतो. पण मग जून कसला, आजच गाशा गुंडाळावा लागला असता, आणि खोटी हजेरी लावणाऱ्याला दुसरं कोण दारात उभं करणार?

"काल तुम्ही स्वतः पाहिलीत ना तिला?" जबाबाचा कागद पुढे सरकवत फौजदाराने विचारलं.

"हो," तो म्हणाला. सही करताना त्याला स्वतःचीच किळस आली, तरी सही नीट झाली.

बाहेर येताच धाकूंनी त्याचे दोन्ही हात धरले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"देवासारखे गावलात मास्तरानू. आठ दिस जीवाक घोर लागललो. कसा होता माझा चेडू? बारीक नाय मां झाला?"

"नाही. बरी होती."

"मग मी हयच थांबतंय. तासाक येतला मां ता?"

"सोमवारी आहे तास," श्यामकांत म्हणाला. "येईल."

धाकू वर्गाच्या दाराशी गेले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि भिंतीला टेकून बसले.