गुढीखालचं फावडं

मी बर्फ उपसायचं फावडं बोलतोय. नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. मला लिहाय-वाचाय येत नाही. कारखान्यानं माझ्या दांड्यावर काय छापलंय, तेही ठाऊक नाही.

कोलोरॅडोतल्या डोंगरावर, लेडव्हिल गावात, डॉक्टर मनोहर अन् सुनेत्राताईंकडं मी २००१पासून राबतोय. इथला वसंत म्हणजे सकाळी बर्फ, दुपारी चिखल, संध्याकाळी परत बर्फ. एप्रिलात ऊन पडलं की विंटर संपला म्हणत मला गॅरेजात टाकतात. दुसऱ्या दिवशी दारच उघडत नाही. मग माझी शोधाशोध. मीही मुद्दाम सायकलींमागं दडतो. सापडलो की पहिला बर्फ डॉक्टरांच्या कॉलरात.

पण पोटात दुखतं ते त्या स्की पोलमुळं. डॉक्टरांची लेक कादंबरी, तिची बर्फावर घसरताना टेकायची ती चकचकीत काठी. उपसून मरायचं मी, अन् हीटरशेजारी झोपणार तो.

२००५चा पाडवा आला. गुढीला इथं वेळू कुठला? सुनेत्राताई म्हणाल्या, "फावड्याचा दांडा चांगला लांब आहे की."

माझा ऊर भरून आला.

"फावड्याची गुढी? लोक काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाले.

"कोण लोक? अंगणातली एल्क हरणं?"

तेवढ्यात कादंबरी बोलली, "आई, माझा पोल घे ना. इट्स सो शायनी."

झालं. पोलला शालू नेसवला, कडुलिंबाच्या जागी पाइनची डहाळी, वर तांब्या. डेकवर नवरदेवासारखा उभा. मी भिंतीला टेकून जळत होतो.

ऊन तापलं अन् पत्र्यावरचा सगळा बर्फ धाडकन खाली. गुढी गडप! मी इतका हसलो की भिंतीवरून घसरलो.

पण उकरायला बोलावलं कुणाला? मलाच. सुनेत्राताईंच्या डोळ्यांत पाणी. "हळू हो, लग्नातला शालू आहे."

पोलला एक कचकचीत ओरखडा मारावा असं फार वाटलं. पण मधे शालू होता. बोटानं साय काढावी तसा बर्फ काढला. शालू धड निघाला. पोल वाकला होता.

म्हणलं, आता माझी पाळी. तर मला बर्फात रोवलं, पोल माझ्या पाठीला बांधला अन् दोघांवरून शालू. फोटोत मी दिसतच नाही. तो बघून कादंबरीच्या पुण्याच्या मावशी फोनवर म्हणाल्या, गुढी कशी ताठ उभी आहे. ताठ माझी पाठ, अन् हळदकुंकू त्याला!

आता २००८ उजाडलं. माझी कड झिजलीय, तरी दर पाडव्याला हाच थाट. तुम्ही कधी आलात तर शालू जरा वर करून मला एक बोट कुंकू लावा. पोलच्या नंतर लावलं तरी चालेल.

नाही, आधीच लावा. त्याच्यादेखत.