रिकामी पहिली ओळ

योगेशला अमेरिकेत मुलगी झाली तेव्हा एकोणीसशे नव्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. नातीचा फोटो संगणकावर येणार म्हणून रंगनाथनं कोपरगावातल्या शुभांगीच्या इंटरनेटच्या दुकानाबाहेर वहाणा काढल्या, टोपी काखेत धरली आणि आत पाऊल टाकलं. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरत आला. आधी कपाळ, मग डोळे. हनुवटी दिसायच्या आत लाईट गेली.

"उरलेली नात पुढच्या गुरुवारी बघा, काका," शुभांगी म्हणाली.

असा गुरुवार ठरला तो ठरलाच.

रंगनाथनं साखर कारखान्यात बॉयलरपाशी तीस वर्षं काढली होती. अक्षरं शिकला तो पंचावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. त्याआधी त्याचं प्रत्येक पत्र गोरक्ष पोस्टमननं ओट्यावर मोठ्यानं वाचलं होतं; बायको भिमाबाई चुलीपाशी असली तर तिला ते शेजारणीकडून कळायचं. भिमाबाई गेल्याला आता तीन वर्षं झाली होती. म्हणून शुभांगीनं जेव्हा सांगितलं की ही ईमेलची पेटी तुमची एकट्याची, तिचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला सांगायचा नाही, तेव्हा तो बराच वेळ हसत राहिला. तो पासवर्ड टाकायला लागला की शुभांगी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायची. इतका मान त्याला कारखान्यात कधी मिळाला नव्हता.

त्या भिंतीवर तिनं नियमांचा पुठ्ठा टांगला होता. रंगनाथनं ओळीखाली बोट धरून तो पुरा वाचला. दुसऱ्याचं पत्र उघडू नये. कोणाला टोचेल असं लिहू नये. अनोळखी माणसाला आपलं खरं नाव, गाव, फोन देऊ नये.

"गावच न्हाई सांगायचं? मग बोलनं सुरू कसं व्हनार?"

"समोरचा कोण असेल काय सांगता येतं, काका? टोपणनाव घ्या."

त्यानं 'भोंगा' घेतलं. कारखान्याच्या भोंग्यावरच त्याचं आयुष्य गेलं होतं.

योगेशनं पत्रातून त्याला परदेशातल्या मराठी माणसांचं इंटरनेटवरचं एक पान सुचवलं होतं. तिथं कोणीतरी हुरडा कसा भाजावा असं विचारलं होतं आणि उत्तरं देणारे एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले होते. रंगनाथनं शुभांगीनं लिहून दिलेल्या इंग्रजी अक्षरांचा कागद समोर ठेवला आणि पाऊण तास खपून त्याच अक्षरांत मराठीच्या दोन ओळी टाकल्या. कणसं जाळावर धरू नयेत, गरम राखेत पुरावीत. पुढच्या गुरुवारी खाली निरगुडी नावाच्या कोणाचं तरी उत्तर होतं. एवढ्या भांडणात एकटा भोंगाच शांत बोलला, असं.

मग पेटीत पत्रं यायला लागली. निरगुडी बाई होती, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, एकटी. तिनं लिहिलं की एकटीच्या घरात भांड्याचा आवाज फार मोठा होतो. यानं कळवलं की आपण कधीकधी मुद्दाम झाकण पाडतो. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. मीसुद्धा.

आषाढात तो शुभांगीला म्हणाला,

"ह्या पत्राला कोपरा न्हाई."

त्याचं म्हणणं तिला कळलं नाही, पण निरगुडीला लगेच कळलं. मरणाची खबर असली की पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. हातात घेणाऱ्याचं मन अक्षरं लागायच्या आधीच तयार व्हायचं. इथं काय करायचं? तिनं सुचवलं, पहिली ओळ रिकामी सोडावी. नेहमी पहिल्या ओळीत 'भोंगा, रामराम' असतं. ते नसलं की समजावं.

दिवाळीला त्याला राहवलं नाही. तुम्ही कोणत्या गावच्या, असं त्यानं विचारलं. उत्तर आलं.

"भोंगा, रामराम. नियमांचा पुठ्ठा मी बसते त्या दुकानातही टांगलेला आहे. नियम पाळू या."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. बाईमाणसाला एक गोष्ट दोनदा विचारणं त्याला बरं वाटलं नाही. पण नोव्हेंबरात अवकाळी गारा झाल्या आणि त्याच आठवड्याच्या तिच्या पत्रात गारा आल्या, मोडलेली ज्वारी आली. तो खुर्चीत पुढं सरकला. एवढ्या जवळ?

तीन गुरुवार तो विचार करत राहिला. विचारायचं नाही, तर आपलं सांगायला काय हरकत? नऊ डिसेंबरला त्यानं शुभांगीला विचारलं.

"नियम मोडला तर ह्या मशीनला काई व्हतं का?"

"मशीनला नाही. तुम्हाला होईल." मग त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "वर्षभर लिहिताय म्हणा. तुमचं तुम्ही बघा."

तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानं लिहिलं, मी रंगनाथ, कोपरगावचा. भेटायला यावंसं वाटतं. तुम्ही येऊ नका म्हणालात तर येणार नाही. मग बटण दाबलं आणि टोपी डोक्यावर घालून, तिला काही न सांगता निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तो धुतलेलं धोतर नेसून आला. निरगुडीचं पत्र आलं होतं. त्यानं ते उघडलं.

पहिली ओळ रिकामी होती.

त्याचं बोट पडद्यापाशी आलं आणि त्या मोकळ्या जागेवर थांबलं. मग सावकाश खाली उतरलं.

"नमस्कार. मी यशोधरा, ज्यांची ही पेटी त्यांची भाची. आत्या दर गुरुवारी तिसगावहून नगरला दवाखान्यात यायच्या आणि नंबर लागेपर्यंत या दुकानात बसायच्या. शेवटी मला पासवर्ड देऊन म्हणाल्या, भोंग्याला कळव, पण पहिली ओळ रिकामी सोड. का ते मला माहीत नाही. तुमचं नऊ तारखेचं पत्र इथं तसंच आहे. त्या दिवशी त्या दवाखान्यातून बाहेर येऊ शकल्या नाहीत. पत्र त्यांच्या नावचं म्हणून मी उघडलेलं नाही. उघडू का?"

बाहेर पाथर्डीची एसटी आली. रोज याच वेळेला ती दुकानासमोरून जायची. तिसगाव तिच्याच वाटेवर होतं. काचा थरथरल्या, धूळ आत आली. एसटी वळणापलीकडे जाईपर्यंत रंगनाथ तिकडे बघत होता.

"काका, काय झालं?"

त्यानं अक्षरांचा कागद समोर ओढला. आता त्याला कागद लागत नव्हता, तरी ओढला. पासवर्ड टाकायचा नव्हता, तरी शुभांगीनं खुर्ची भिंतीकडे फिरवली.

एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं. "नको. ते त्यांचंच राहू द्या." खाली नाव घातलं, भोंगा.

पुष्पावती पुंजाराम, राहणार तिसगाव, सोमवार, तेरा डिसेंबर एकोणीसशे नव्याण्णव रोजी सकाळी नगरच्या दवाखान्यात वारल्या.