कोब्केबाईंचा पॉज

इर्मट्राउड कोब्केला आयुष्यात कुणी नायिका केलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं त्यावाचून काही अडलंही नाही. घरमालकिणी, सुइणी, चोंबड्या शेजारणी, खून झालेल्या माणसाची आई. नाटकात काय नि सिनेमात काय, पन्नास वर्षं हेच केलं आणि पोटभर केलं. बेकरीवाली अजूनही ब्रेड बांधताना विचारायची, "काय हो, त्या सिनेमात नवऱ्याला विष तुम्हीच घातलंत ना?" इर्मट्राउडला त्याचं कोण कौतुक! माणसांनी आपल्याला लक्षात ठेवलं, याहून आणखी काय हवं?

पण सत्याहत्तराव्या वर्षी ओळी दगा द्यायला लागल्या. तालमीत ती तीनदा अडली, तेव्हा तरुण दिग्दर्शक फाल्कने स्वच्छ सांगितलं, पहिल्या प्रयोगात अडलात तर पुढच्या नाटकातली आजीची भूमिका दुसरीला जाईल. रंगमंच सुटला की घरी भिंतींशी बोलत बसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रयोगाआधी प्रॉम्प्टर रोसविथा विंगेत आली. एकतीस वर्षं पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसून हिनेच तिला ओळी पुरवलेल्या. रिवाजाप्रमाणे प्रयोग चांगला व्हावा म्हणून तिने इर्मट्राउडच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं "टॉय, टॉय, टॉय" केलं. त्यावर आभार मानले की प्रयोग बिघडतो, हे नाट्यगृहातलं शेंबडं पोरही जाणतं. पण इर्मट्राउडचा ऊर भरून आला आणि तोंडून निघूनच गेलं, "फार उपकार आहेत गं तुझे." रोसविथाने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या अंकात व्हायचं तेच झालं. मुलाचं पत्र हातात, आणि डोकं कोरं. कोपऱ्यातून रोसविथाने हलकेच पहिला शब्द सोडला. इर्मट्राउडने तो उचलला नि पुढे निघाली. तेवढ्या शांततेत लोक डोळे पुसायला लागले होते.

पडदा पडल्यावर फाल्क धावतच आला. तो पॉज काय घेतलात, रोज असाच घ्या, आजी तुमचीच, म्हणाला. गप्प बसली असती तर भागलं असतं. पण शेजारीच रोसविथा आपली वही पिशवीत भरत होती.

"पॉज कसला? विसरले होते मी," इर्मट्राउड म्हणाली. "शब्द हिने दिला. एकतीस वर्षं देतेय, आणि टाळ्या मी घेतल्या. मला काढायचं तर काढा, पण हे ऐकून घ्या."

फाल्क रोसविथाकडे वळून म्हणाला, "पुढच्या नाटकाला तुम्ही आहात ना?"

"ही असेल तर आहे," इर्मट्राउडकडे बोट दाखवत रोसविथा म्हणाली.

"मग मंगळवारी दहाला दोघी वाचनाला या."