मामांची प्रार्थना

मामांच्या सेवेत भाचीनं कसर म्हणून ठेवली नव्हती. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली, तशी तिनं त्यांना आपल्या घरी आणलं. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं घड्याळाच्या काट्यावर. वर रोज सकाळी नऊला उशाशी मोबाइलवर प्रार्थना. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या मामांनी देव कधी मानला नव्हता. पण भाचीचं म्हणणं, आता नाही तर कधी?

अडचण होती ती ड्रायव्हरकाकांची. निवृत्त बसचालक, मामांबरोबर तीस वर्षं एका घरात, संसार करावा तसे राहिलेले. दोन बस बदलून तेही रोज नऊलाच येत आणि मामांचा हात धरून बसत. मावशीनं एकदा ते पाहिलं आणि फोनवर टोला हाणला, "मित्र म्हणे! लोकांना काय डोळे नाहीत?"

भाचीनं काकांना सांगून टाकलं, "आता नका येऊ. मामांना आराम हवाय."

"बरं," काका म्हणाले. "डाव्या कुशीवर त्यांना झोप लागत नाही, तेवढं बघ."

आठवड्यानं, रोज मामांना तपासायला येणाऱ्या सिस्टरनी रक्तदाबाचा तक्ता तिच्यापुढे धरला. "ताई, सात दिवस आकडा चढतोय. काय बदललं?"

"काही नाही. उलट प्रार्थना दोनदा लावते."

"आणि ते काका?"

"त्यांना मीच नका येऊ म्हटलं. आठवडा झाला."

"म्हणजे दाब उतरत होता तो त्यांच्यामुळे. ताई, तुमच्यासारखी सेवा मी फार थोड्या घरांत पाहिली. पण अंग पुसता पुसता आपण माणसाचं आयुष्यही पुसायला लागतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोक येतात का मामांची कूस बदलायला?"

दुसऱ्या दिवशी भाची स्वतः जाऊन काकांना घेऊन आली. मामांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "माझी प्रार्थना तुमच्यातली नाही हं. चालेल?"

"मामांना चालते?"

"ते कुठलीच मानत नाहीत. पण माझी आटपेपर्यंत त्यांनी तीस वर्षांत एकदाही चहाला तोंड लावलं नाही."

काकांनी डोळे मिटले. मामा एकटक त्यांच्याकडे बघत राहिले. पुटपुटणं थांबलं, तसे मामांचे ओठ हलले.

"झालं... तुझं?"

पाच आठवड्यांतले पहिले शब्द!

तेवढ्यात मावशीचा फोन आला. "नंतर बोलू," भाची म्हणाली, "मामांच्या घरचं माणूस आलंय." आणि ती चहा ठेवायला गेली.

आजारी माणसाच्या उशाशी आपली श्रद्धा ठेवण्याआधी, त्याची कुठं आहे ते विचारावं. आणि ती दोन बस बदलून येत असेल, तर तिच्यासाठी खुर्ची मांडावी.