विसाच्या दहा जागा

भाषा विभागाच्या बाईंना सकाळपासून चैन नव्हती. परकी भाषा, परक्यांशी वागण्याबोलण्याची रीत आणि आंतरराष्ट्रीय व्यापार, हे सगळं एकाच पदवीत बसवायला त्या तीन वर्षं खपल्या होत्या. आणि व्यवस्थापन विभागाच्या सरांनी काल अभ्यासक्रमाच्या मसुद्यात भाषेचे आठवड्याचे सहा तास खोडून दोन केले. "मॅडम, धंदा आकड्यांवर चालतो. बोलायला काय, दुभाष्या मिळतो," असं म्हणून ते मोकळे झाले.

आज परदेशी विद्यापीठाच्या संचालिका करारासाठी आल्या होत्या. दर वर्षी इथले वीस विद्यार्थी वर्षभर त्यांच्याकडे शिकायला जाणार होते. सरांनी प्रस्ताव झकास मांडला, बाईंनी भाषांतर केलं. संचालिका कागदावर नजर खिळवून गप्प बसल्या.

त्यांच्या देशात विचार करणारा माणूस असाच गप्प बसतो, हे बाईंना ठाऊक होतं. सरांना मात्र ती शांतता सोसवेना. खुर्चीत चुळबुळले, पेन उघडलं, मिटलं. "वीस जास्त वाटत असतील तर पंधरा." पुन्हा शांतता. "बरं, दहा! सांगा त्यांना."

थांबा म्हणावं, तर सगळ्यांदेखत सरांचा पाणउतारा. बाईंनी मुकाट्याने भाषांतर केलं. संचालिका जराशा चकित झाल्या आणि त्यांनी दहावर सही केली.

निघताना जिन्यात संचालिका बाईंना आपल्या भाषेत म्हणाल्या, "मी वीसला हो म्हणणारच होते. वाटलं, तुमचीच काही अडचण असेल."

 सांगावं की गिळावं? बाईंची जेवणाची सुट्टी व्हरांड्यात येरझाऱ्या घालण्यात गेली. शेवटी सरांच्या खोलीत शिरून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सरांचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचा मान राखायला गेले."

"माझा मान! आणि दहा पोरांची संधी गेली, त्याचं काय?"

बाई खोलीतून बाहेर पडल्या.

संध्याकाळी सरांकडून अभ्यासक्रमाचा मसुदा परत आला. भाषेचे सहाही तास जागच्या जागी होते. करार मात्र वर्षभर बदलणार नव्हता. तासांचा आनंद व्हायला हवा होता, पण मन थाऱ्यावर येईना. आधीच लागलेल्या वीस जणांच्या निवड यादीत अकराव्या नावापासून पुढच्यांना नकार कळवायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं.

पहिलाच फोन लागला. पलीकडची मुलगी उतावीळपणे म्हणाली, "मॅडम, कधी निघायचं?"